राहिलेला पोर्शन

मला ‘ब्युरेट’ म्हणून हाक मारणारा माणूस या जगात एकच आहे. शहापूरच्या एसटी स्टँडवर, भर बाजारात, आणि एकदा तर चुलतबहिणीच्या लग्नात पंगत बसलेली असताना त्यांनी मला तशी हाक मारलीय. “अगो ब्युरेट, इकडं वरण आण!” नवरदेवाकडच्या एका मामांनी मला नंतर अगदी गंभीरपणे विचारलं, “ब्युरेट म्हणजे तुमच्यात कोण लागतात?” मी सांगितलं, लांबचे आहेत.

ब्युरेट माझी कुणी लागत नाही. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये खाली तोटी असलेली एक लांब, बारीक काचेची नळी असते, थेंबथेंब ॲसिड सोडायला, ती ब्युरेट. अकरावीच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला माझ्या हातून थेंब सुटायच्या आधी ब्युरेटच सुटली. खळ्ळकन आवाज झाला. मॅडम काही बोलायच्या आत कोपऱ्यातल्या उंच स्टुलावरून खाकी कपड्यांतला एक माणूस खाली उतरला. काखेतून फुटीची वही काढली, कानामागचं पेन काढलं आणि विचारलं, “काय फुटलं?”

“ब्युरेट,” मी रडवेल्या आवाजात म्हणाले.

त्यांनी लिहिलं, वही मिटली, आणि त्या दिवसापासून मी ब्युरेट झाले. माझं खरं नाव त्यांनी विचारलं नाही, आणि मीही आपणहून सांगितलं नाही. कोण ओढवून घेईल?

ते आमच्या ज्युनियर कॉलेजच्या लॅबचे परिचर. आम्ही त्यांना लॅबकाका म्हणायचो. माणसं त्यांच्या लक्षात राहायची ती काय फोडलं त्यावरून. तालुक्यात त्यांचे कितीतरी बीकर आणि फ्लास्क संसाराला लागलेत. एकदा सापगावच्या पुलावर पोलिसांची गाडी थांबवून त्यांनी आतल्या फौजदाराला विचारलं, “काय रे थर्मामीटर, बरा हायस ना?” मला वाटलं, आता काका आत जाणार. पण तो एवढा मिशीवाला फौजदार खाली उतरून त्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, “काका, हळू बोला, हवालदार आहेत.”

सालंसुद्धा ते फुटीवरूनच मोजायचे. मोठा प्रिझम फुटला त्या वर्षी थोरल्या मुलीचं लग्न. डिस्टिल्ड वॉटरचा हंडा गळायला लागला त्या वर्षी घरावर पत्रे. कुणी जन्मतारीख विचारली तर म्हणायचे, “ते नाय ठाव. तवा लॅब नव्हती.”

मी बारावीत गेले त्या वर्षी ते रिटायर झाले. निरोप समारंभात कॉलेजनं शाल-श्रीफळ पुढं केलं, तर ते म्हणाले, “शाल नको. स्टूल देता काय?” आणि ते उंच लाकडी स्टूल डोक्यावर घेऊन सापगावला चालत गेले. घराच्या पडवीत त्यांनी ते मांडलं आणि त्यावरच बसायचे. पाय जमिनीला टेकायचे नाहीत. आल्यागेल्याला बसायला खाली गोणपाट. स्टुलाला कुणी हात लावायचा नाही, नातवानंसुद्धा नाही.

घरातली तऱ्हा विचारूच नका. स्वयंपाकघरात सगळ्या बरण्या लॅबसारख्या, रुंद तोंडाच्या, काचेच्या झाकणाच्या, आणि प्रत्येकीवर चिकटपट्टी. मिठावर ‘सोडियम क्लोराइड’, साखरेवर ‘सुक्रोज’, पापडखारावर आणखी काहीतरी लांबलचक. काकींना ती नावं वाचता येत नव्हती आणि वाचायची इच्छाही नव्हती. “मला जागा ठाव हाय,” त्या म्हणायच्या, “ह्यांनी बरण्या हलवल्या की मी ह्यांना हलवीन.”

आता माझं सांगते. बारावीची परीक्षा संपली तेव्हा आमच्या घरी सगळ्यांनी हुश्श केलं, कारण सगळ्यांच्या मते शिक्षण संपलं. काकानं, म्हणजे माझ्या सख्ख्या चुलत्यानं, मुरबाडच्या एमआयडीसीत बिस्किटांच्या कंपनीत माझ्यासाठी पॅकिंगचं काम बघून ठेवलं होतं. जुलैच्या एक तारखेपासून. मी सीईटीचा फॉर्म भरलाय हे मी स्वतःच विसरले होते. वर्गातल्या सगळ्या मुली भरत होत्या, त्यांच्यामागं मीही कॉम्प्युटरवाल्याकडं गेले, एवढंच.

आणि एका दुपारी फोनवर हॉलतिकीट आलं. परीक्षेला एकोणीस दिवस.

ते मी तीनदा उघडून बघितलं. किन्हवलीच्या मेडिकलमध्ये एक ताई पांढरा कोट घालून बसायची. ती डॉक्टरचं अक्षर वाचायची! आमच्या गावात अंगात आलेल्या देवाचं बोलणं कळतं, डॉक्टरनं लिहिलेलं कळत नाही. मला लहानपणापासून त्या ताईसारखं व्हायचं होतं, पण हे मी कुणाला बोलले नव्हते. त्यासाठी फार्मसीला जावं लागतं आणि फार्मसीसाठी सीईटी. मी बाबांना म्हणाले, “मला ही परीक्षा द्यायचीय.”

बाबा कुंपणाला काटे बांधत होते. हातातलं काम न थांबवता म्हणाले, “येक डाव दे. लागलं तर कॉलेज. नाय लागलं तर येक तारखेला गपगुमान कंपनी. मंग रडायचं नाय.”

मी “नाही रडणार” म्हणाले आणि गोठ्यामागं जाऊन लगेच रडले.

दुसऱ्या दिवशी आम्ही शहापूरला एका क्लासमध्ये गेलो. तिथल्या सरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “आमचा क्रॅश कोर्स दीड महिन्याचा. एकोणीस दिवसांत हिचं आयकार्डसुद्धा छापून व्हायचं नाही. पुढच्या वर्षी या.” पुढचं वर्ष माझ्याकडं नव्हतं, पुढची एक तारीख होती.

परत येताना जीप सापगावला थांबली आणि लॅबकाका आत शिरले. माझ्याकडं बघून म्हणाले, “काय गो ब्युरेट, तोंड का पडलंय? आता काय फोडलंस?”

बाबांनी सगळं सांगितलं. काकांनी अख्ख्या जीपला ऐकू जाईल असं विचारलं, “येकोणीस दिवस? मंग रडायचं काय त्यात? येकोणीस दिवसांत आमी चार कॉलेजांची बोर्डाची प्रॅक्टिकलं उरकायचो. येक काच न फुटता! उद्यापास्नं पाठवा हिला. मला सगळं येतं.”

खरं सांगते, मला लाज वाटली. प्रॅक्टिकलला बाटल्या पुसणारा माणूस मला फिजिक्स शिकवणार? स्वतः दहावी गणितात नापास. माझं नाक तेव्हा फार वर होतं. घरी आल्यावर मी म्हणाले, “ते सर नाहीत, बाबा.”

“नसूं दे,” बाबा म्हणाले. “येकतीस वर्सं त्या खोलीत बसलाय तो. आता त्या भिंतींना पण धडा पाठ झाला असंल.”

आणि ते अगदी खरं निघालं. आमच्या कॉलेजात फिजिक्स-केमिस्ट्रीचे तास लॅबमध्येच व्हायचे, वर्ग कमी म्हणून. काका कोपऱ्यात स्टुलावर बसून काचा पुसत एकतीस वर्षं तेच तास ऐकत आले होते. पुस्तक त्यांनी कधी उघडलं नव्हतं, इंग्रजी पुस्तक त्यांना वाचताही येत नव्हतं. जे होतं ते सगळं कानात. त्यामुळे एक घोटाळा झाला होता. धडा आणि धडा शिकवणारा माणूस त्यांना वेगळा करता येत नव्हता. प्रकाशाचा धडा ते नाकातून बोलायचे, कारण तो शिकवणारे जुने सर नाकातून बोलायचे. विजेचा धडा एका मॅडमचा; तिथं मधेमधे खोकायचे. मी विचारलं, “काका, खोकला झालाय का?” तर म्हणाले, “मला नाय गो, मॅडमला. तीन डाव खोकल्या की समजायचं, पुढचा फॉर्म्युला बोर्डाला येतो.”

लेन्झचा नियम मी आजही विसरणं शक्य नाही. “ज्या बदलामुळं करंट तयार होतो, त्याच बदलाला तो विरोध करतो, ए शेवटचा बाक, खिडकी लाव रे, धूळ येते.” हे सगळं एका दमात, एका सुरात. पहिल्या दिवशी मी वहीत खिडकीसकट उतरवून घेतलं.

शिकवायची पद्धत त्यांची स्वतःची होती. “वाचून नाय येत. धुवून येतं,” ही त्यांची म्हण. मला पडवीच्या टोकाला हौदाशी बसवायचे, समोर घरातल्या सगळ्या बाटल्या-बरण्या आणि काकींची भांडी, आणि मी घासत असताना एक धडा सांगायचे. हात गुंतलेला असला की डोकं इकडंतिकडं जात नाही म्हणे. हा झाला ओला धडा. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला प्रश्न, “कालचा वाळला काय?” आणि वाळवणं म्हणजे काय, तर टेस्ट ट्यूब धुतल्यावर रॅकवर उलटी ठेवतात ना, तसं. उलटं विचारायचे.

“उत्तर हाय वेबर. परश्न बोल.”

“चुंबकीय फ्लक्सचं एकक.”

“उत्तर हाय शून्य. परश्न बोल.”

“शून्याचे तर शंभर प्रश्न असतील, काका!”

“मंग शंभर बोल.”

आणि मी बोलायचे. चाळीसपर्यंत गेले होते एकदा. काकी आतून खूष. “तुझी परीक्षा दर म्हैन्याला पायजे व्हती गो. माझी कढई सासू गेल्यापास्नं एवढी चकचकीत नव्हती.” रोज दोन धडे ओले, दोन वाळलेले. बायोलॉजी माझं बरं होतं, ते मी सकाळी जीपमध्ये करायचे. आठव्या-नवव्या दिवसापर्यंत मला चक्क वाटायला लागलं, की जमेल. बाबांनी घरी रोज विचारायचं, “काय बोलतो तुजा लॅबवाला?” आणि मी सांगायचे, “वाळतंय.”

एकाच गोष्टीनं काका चकित झाले. मी सांगितलं, सीईटीत चुकलं तर मार्क कापत नाहीत. ते स्टुलावरून पुढं वाकले. “म्हंजे? फुटलं तरी वहीत नाव नाय?”

“नाही.”

“मंग येक पण सोडू नको! सगळं उचल! अशी लॅब मला कंदी भेटली नाय गो.”

चौदाव्या दिवशी गाडी अडली. फिजिक्सचा अणूचा धडा झाला, उरला एक, शेवटचा, सेमिकंडक्टरचा. आपल्या फोनमधल्या, टीव्हीमधल्या सगळ्या बारीक भागांचा तो धडा. मी घमेलं घासायला घेतलं आणि म्हणाले, “चला काका, शेवटचा.”

काका नाकातून म्हणाले, “शेवटचा धडा सोपा आहे. तो तुमचा तुम्ही करा.” आणि पुढची बरणी माझ्याकडं सरकवली.

“हो, पण काय आहे त्यात?”

काकांनी खोकून मॅडमचा आवाज काढला. “शेवटचा धडा सोपा आहे. तो तुमचा तुम्ही करा.”

मला वाटलं, गंमत करतायत. मी हसले. काका हसले नाहीत. त्यांनी तेच वाक्य आणखी तीन-चार आवाजांत म्हणून बघितलं, जणू खिशात किल्ली कुठं गेली ते चाचपत होते. मग स्टुलावरून उतरून घरात गेले आणि दार ओढून घेतलं.

माझ्या तेव्हा ध्यानात आलं. आमच्या कॉलेजात पोर्शन कधी पुरा व्हायचाच नाही. गॅदरिंग, खेळ, सरांची निवडणुकीची ड्यूटी, मग प्रॅक्टिकलं, आणि जानेवारीच्या शेवटी प्रत्येक सर, प्रत्येक मॅडम तेच एक वाक्य बोलून पुस्तक मिटायचे. एकतीस वर्षं. ‘मला सगळं येतं’ म्हणणाऱ्या माणसाच्या कानावरून तो धडा कधी गेलाच नव्हता. आणि त्यात काही असतं, हेही त्यांना माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गेले तर पडवीत स्टूल रिकामं. काकी म्हणाल्या, “डोकं दुखतंय बोलून सकाळीच भाईर पडले. डोकं दुखणारा माणूस मुरबाडची एसटी पकडतो होय?” मी हौदाशी बसून एकटीनं जुने धडे वाळवत राहिले, पण मनातून पार खचले होते. पाच दिवस उरले होते, एक अख्खा धडा कोरा, आणि मास्तर पळालेले. मला बिस्किटांचे पुडे दिसायला लागले.

काका चार वाजता उगवले. घामाघूम. गोणपाटावरच बसले आणि एकदम फुटले, म्हणजे हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मी घाबरले.

“नाकातले सर!” ते म्हणाले. “मुरबाडला ऱ्हातात, ऐंशीचे झाले. त्यांच्याकडं गेलतो. बोल्लो, सर, तो शेवटचा धडा तेवढा सांगा, मी पोरीला खोटा बोल्लोय की सगळं येतं. तर सर काय बोलले ठाव हाय?” काकांनी नाक चिमटीत धरलं. “‘अरे, तो धडा मी कधी शिकवलाच नाही. सोपा आहे, असं मला माझ्या सरांनी सांगितलं होतं!’”

मीही हसले. काकीही हसल्या, त्यांना काही कळलं नव्हतं तरी. आणि हसता हसता माझी भीती कुठं गेली कोण जाणे. म्हणजे ही काही माझ्या एकटीच्या डोक्याची चूक नव्हती, ही तर परंपरा होती!

“आता?” मी विचारलं.

“आता तू वाच. मला इंग्रजी वाचता येत नाय. वाच आणि मला सांग. मला समजला तर तुला आला.”

पुढचे दोन दिवस मी तो धडा घेऊन बसले. पुस्तक, फोनवरचे व्हिडिओ, पडवीच्या टोकाला जिथं रेंज यायची तिथं अवघडून बसून. सगळं कळलं, एक गोष्ट सोडून. त्यात ‘होल’ म्हणून प्रकार असतो. इलेक्ट्रॉन नसल्याची मोकळी जागा. आणि ती मोकळी जागा चालते म्हणे, इलेक्ट्रॉनच्या उलट दिशेनं. नसलेली वस्तू चालणार कशी? मी डोकं आपटून घ्यायची बाकी होते.

ते कळलं जीपमध्ये. पुढच्या सीटवरचा एक माणूस सापगावच्या आधी उतरला. त्याच्या मागचा सरकून पुढं गेला, त्याच्या मागची बाई त्याच्या जागी, आणि सगळ्यात शेवटी दाराशी लटकणाऱ्या मला बसायला जागा मिळाली. मी जागेवरून ओरडले, “अरे देवा, होल आलं!” सगळी जीप माझ्याकडं बघायला लागली.

धावत काकांकडं गेले. ते स्टुलावर होते. मी दम खात सुरू केलं, “काका, म्हणजे बघा ना, जीपमधून पुढचा एक माणूस उतरला. बरोबर? त्याची जागा मोकळी. आता मागचा सरकला पुढं. बरोबर? मग मोकळी जागा कुठं गेली?”

“मागं.”

“त्याच्या मागचा सरकला?”

“आणखी मागं.” काकांचे डोळे मोठे झाले. “माणसं चालली म्होरं, आणि जागा चालली मागं! जागा चालते गो!”

“तेच होल!”

काका स्टुलावरून उतरले. मला वाटलं, पाणी प्यायला. पण त्यांनी गळ्यातल्या पंच्यानं स्टूल पुसलं आणि म्हणाले, “वर बस.”

“नको काका.”

“शिकवणारा वर बसतो. बस.”

मी बसले. माझेही पाय टेकेनात. आणि काका खाली गोणपाटावर मांडी घालून बसले, काकींची कढई पुढ्यात ओढली, राख घेतली आणि घासायला लागले. “हां, बोल आता. पयल्यापास्नं.” मी दोन तास बोलले. ते मधेमधे अडवायचे, “थांब, हा ओलाच ऱ्हायला,” आणि मला तेच दुसऱ्या तऱ्हेनं सांगावं लागायचं. तेवढा पक्का मला आयुष्यात कुठलाच धडा आला नाही. दुसऱ्या सकाळी मी त्यांना उलटं विचारलं. ते दोन ठिकाणी चुकले. मी म्हणाले, “वाळला नाही,” तर साठी उलटलेला माणूस ओशाळून म्हणाला, “उद्या देतो, मॅडम.”

परीक्षेचं सेंटर कल्याणच्या पलीकडं एका मोठ्या कॉलेजात होतं. बाबा होतेच, पण काकाही आले, आणि तेही कडक इस्त्रीच्या खाकीत. बाबा म्हणाले, “आवो, रिटायर झालात ना?” तर म्हणाले, “परीक्षेला मी कायम खाकीतच असतो.” व्हायचं तेच झालं. गेटवरच्या वॉचमनला वाटलं, कॉलेजचाच माणूस. आम्ही रांगेत उन्हात उभे, आणि काका आत! थोड्या वेळानं एका बाईंनी त्यांना हुकूमही सोडला, “अहो, मुलांना पाणी द्या.” काकांनी जग उचलला आणि रांगेतल्या प्रत्येकाला पाणी वाटत वाटत माझ्यापर्यंत आले. ग्लास हातात देऊन खालच्या आवाजात विचारलं, “वाळलंय काय?”

“हो.”

“फुटीची वही नाय. सगळं उचल.”

आत कॉम्प्युटरवर घड्याळ सुरू झालं. पण हात गुंतवायला काही नव्हतं, तर मी टेबलाखाली ओढणीचं टोक घासत बसले. मग प्रश्न येत गेले. लेन्झ आला, मी मनात खिडकी लावली. आणि मध्येच स्क्रीनवर होल आलं. मी एवढी मोठ्यानं हसले की सुपरवायझर जवळ येऊन उभे राहिले.

तुमचा जीव टांगणीला नको, म्हणून सांगून टाकते. लागलं. मार्क काही दिवे लावण्यासारखे नव्हते, पण यादीत नाव आलं. चुलत्यानं कंपनीतून फोन केला तेव्हा बाबांनी माझ्यासमोर सांगितलं, “नाय येणार ती. तिला डॉक्टरचं अक्षर वाचायला शिकायचंय.” हे मी बाबांना कधीच बोलले नव्हते. मेडिकलसमोर मी किती वेळ उभी राहायचे, ते त्यांनी बघितलं असणार. आज मी त्याच मुरबाडच्या एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत लॅबला आहे. ब्युरेट रोज हातात असते.

पण मला सांगायचंय ते यादी लागली त्या दिवसाचं. मी पेढे घेऊन सापगावला गेले. फाटकाशी पोचले आणि आतून आवाज ऐकू आला. काका कुणाचा तरी धडा घेत होते. आवाज मी आधी कधी ऐकलेला नव्हता. ना नाकातला, ना खोकणारा. भरभर बोलणारी कुणीतरी बाई होती, वाक्यावाक्याला दम खाणारी, मधेच नाक ओढणारी.

“म्हणजे बघा ना, जीपमधून पुढचा एक माणूस उतरला. बरोबर? त्याची जागा मोकळी. बरोबर?”

मी कॉलेजातल्या एकेक मॅडम आठवून पाहिल्या. कोण बरं ही?

पडवीत काकी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनीही विचारलं, “ही कोण वो मॅडम? ही कंदी आयकली नाय.”

“नवीन हाय,” काका म्हणाले. “शेवटचा धडा तीच घेते.”

मी फाटकाला धरून उभी राहिले. मला रडू आलं, आणि सवयीनं मी नाक ओढलं. त्या आवाजावर काकांनी वळून बघितलं. कॉलेज लागलं का, हे त्यांनी विचारलंच नाही.

“शेवटच्या धड्याचे किती आलते परश्न?”

“तीन.”

“बरोबर किती?”

“तीन. लॉगिनमध्ये बघितलं मी. प्रकाशाचे दोन चुकले.”

“ते सरांचे,” काकांनी हात झटकले. मग काकींकडं वळून ओरडले, “अगो, आयकलंस काय? आपला पोर्शन पुरा झाला!”

“बरं झालं,” काकी म्हणाल्या. “आता तरी बरण्यांवरची नावं पुसा. आणि पोरीचं कॉलेज?”

“लागलं, काकी,” मी पेढे पुढं केले. काकांनी एक उचलला, अर्धा काकींना दिला आणि स्टुलावरून उतरले. पंच्यानं स्टूल पुसलं.

“वर बस. हिला होल अजून समजला नाय. मी सांगतो तर हसते.”

मी वर बसले आणि सुरू केलं, “म्हणजे बघा ना, काकी...” काकी तांदूळ निवडता निवडता मान डोलवत होत्या, आणि खाली गोणपाटावर बसलेल्या काकांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते.